मृगाच्या आधी टायर: नाशिकच्या रस्त्यांसाठी तयारीची यादी

टायर बदलायचे ठरले की सगळ्यात आधी हाताशी घ्यायची ती वही. गाडीच्या खणात ठेवा आणि महिनाभर रोज रात्री दोन आकडे लिहा: डांबर-काँक्रीटवर किती किलोमीटर झाले आणि कच्च्यावर किती. मी हे एप्रिलमध्ये केले. इंदिरानगर ते अंबड रोजची ये-जा, कसारा घाटातून एकदा मुंबई, समृद्धीवरून एकदा छत्रपती संभाजीनगर आणि दिंडोरी तालुक्यात मामांच्या द्राक्षबागेत तीन फेऱ्या. एकूण १,१४० किलोमीटर झाले, त्यात कच्चे फक्त ८५. वही नसती तर मी छातीठोकपणे सांगितले असते की माझी बोलेरो निम्मी कच्च्यावरच चालते. लक्षात राहतात ते चिखलाचे दिवस, आणि रबर झिजते ते रोजच्या रस्त्यावर. दुकानात जाताना ही वही सोबत असू द्या, कारण समोर बटन ग्रिपचा, म्हणजे मोठ्या उठावदार गोट्यांच्या नक्षीचा रुबाबदार टायर उभा केला की आपलेच मन आपल्याला फसवते.

तारीखही आधीच ठरवा. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. टायर त्याच्या निदान तीन आठवडे आधी गाडीला लागलेले हवेत. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून काढताना वापरलेल्या पदार्थाचा निसरडा थर राहिलेला असतो. तो जायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर सांभाळून चालवावे लागते. पहिल्या पावसाने तेलकट झालेल्या रस्त्यावर कोरे टायर घेऊन उतरणे मला पटत नाही.

मग जुने टायर नीट बघा. खाली बसून, चारही, हात फिरवून. मधला पट्टा जास्त झिजला असेल तर हवा सतत जास्त राहिली आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी राहिली आहे. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेघ बिघडलेली आहे, आणि जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर दाखवून घ्या. हे दोष काढल्याशिवाय नवे टायर चढवले तर तेही त्याच वाटेने जातील. खाचेच्या तळाशी रबराचा लहानसा उंचवटा असतो, तो १.६ मिलिमीटरची कायदेशीर हद्द दाखवतो. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर संपला. माझे मत विचाराल तर इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला पावसाळ्यात जाणाऱ्याने ३ मिलिमीटरलाच निर्णय घ्यावा. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढे पाणी बाहेर फेकायला खाचेत खोली उरलेली हवी.

आता माप. बोलेरोच्या टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. २१५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ७५ म्हणजे साईडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचांतला व्यास. त्यापुढचा आकडा वजनाचा असतो आणि तो बहुतेक जण वाचतच नाहीत. ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलो, १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. त्यानंतरचे अक्षर वेगाचे: क्यू म्हणजे ताशी १६०, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०. हंगामात मागे द्राक्षांचे क्रेट आणि पुढे-मध्ये माणसे असा प्रवास करणाऱ्या घराने वजनाचा आकडा कंपनीने दिला आहे त्याच्या खाली कधीही येऊ देऊ नये, मग टायर कितीही स्वस्त मिळत असो.

रुंद टायरचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून त्याचा हिशेब इथेच मांडतो. २१५/७५ आर १५ चा पूर्ण व्यास साधारण ७०३ मिलिमीटर भरतो. त्याच रिमवर २३५/७५ घातला तर तो ७३३ होतो, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त वाढ. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ ने चाललेली असेल. इंजिनावर आणि ब्रेकवर ओझे वाढेल, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवले की मडगार्डला घासण्याची शक्यता निर्माण होईल. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, हा सर्वमान्य नियम आहे. मी मूळ मापावरच राहिलो आणि त्याची खंत वाटलेली नाही.

जात कोणती घ्यायची ते वहीतला आकडा सांगतो. एच/टी हा हायवेचा टायर: शांत, मऊ, ओल्या डांबरावर ब्रेक छान लागतो. कच्चे शेकडा पाचच्या आत असेल आणि ते कच्चे म्हणजे कोरड्या दिवसातला मुरमाचा रस्ता असेल तर एवढा पुरे. ए/टी हा मधला: खाचा खोल, नक्षीच्या गोट्या मोठ्या, खडीवर आणि हलक्या चिखलात पकड चांगली. थारच्या वरच्या श्रेणीला कंपनीकडूनच २५५/६५ आर १८ मापाचे ए/टी येतात. याची किंमत थोड्या आवाजात आणि थोड्या ॲव्हरेजमध्ये मोजावी लागते. एम/टी म्हणजे चिखलाचाच टायर. तो समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर ताशी १२० ने पळवायचा म्हणजे त्याचे रबर जाळायचे, आणि ओल्या गुळगुळीत रस्त्यावर त्याची पकड कमी पडते. ज्याची दुसरी गाडी आहे आणि जो खरोखर दर आठवड्याला चिखलात उतरतो त्यानेच एम/टीकडे जावे.

चिखलाचेही नाशिकमध्ये प्रकार आहेत आणि टायरला ते कळतात. निफाड-दिंडोरीची काळी माती पाण्याने फुगते आणि गोट्यांच्या मधे अशी भरून बसते की पाच मिनिटांत ए/टीसुद्धा गुळगुळीत टायरासारखा फिरू लागतो. ती माती फेकून देईल एवढी मोकळी नक्षी फक्त एम/टीला असते. पेठ, सुरगाणा, हरसूलच्या बाजूला मुरूम आणि दगड जास्त, तिथे ए/टी उत्तम चालतो. त्र्यंबक-इगतपुरीच्या भातखाचरांजवळ वरून चिखल आणि खालून धारदार काळा बेसाल्ट अशी दुहेरी परीक्षा असते. मामांच्या बागेतल्या काळ्या रस्त्यावर भर पावसात मी आता गाडी नेतच नाही. डांबरी रस्त्याच्या कडेला लावतो आणि चालत जातो. दोनच दिवसांसाठी वर्षभर एम/टी वाजवत फिरणे मला नको होते.

आता साईडवॉल. इथे मी थांबून बोलणार आहे, कारण टायरचे टिकणे मला इथेच कळले. गेल्या ऑगस्टमध्ये हर्षेवाडीच्या बाजूला समोरून जीप आली म्हणून मी गाडी कडेला घेतली. गवतात लपलेल्या दगडाने डाव्या मागच्या टायरची साईड दोन बोटे कापली. नक्षी निम्मी शिल्लक होती. स्टेपनी काढली तर तिच्या रबराला बारीक भेगा पडलेल्या, कारण ती गाडीसोबत आलेली, नऊ वर्षांची. आई मागच्या सीटवर बसलेली होती. ताशी तीसने आम्ही त्र्यंबकला आलो. पंक्चरवाल्या दादांनी कापलेला टायर उचलला, बोट आत घातले आणि म्हणाले, "भाऊ, साईडला पॅच मी मारून देणार नाही. घाटात फुटला तर?" त्यांनी पैसे नाकारून खरे सांगितले, याचे मला आजही मोल वाटते. पंक्चर काढता येते ते फक्त ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागातले, आणि तेही खिळा-चुकीएवढे, साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचे. साईड कापली किंवा खड्ड्यात आपटून फुगा आला की टायर बदलायचाच.

म्हणून दुकानात नक्षीकडे बघण्याआधी साईडवॉलवरची बारीक अक्षरे वाचा. ट्रेडखाली पॉलिस्टर, स्टील, नायलॉनचे थर किती आणि साईडवॉलमध्ये किती, याचा हिशेब तिथे छापलेला असतो. साध्या टायरला साईडवॉलमध्ये बहुधा एक किंवा दोन थर असतात, काही मजबूत ए/टींना तीन. तीन थरांचा टायर जड असतो, गाडी जराशी कडक चालते. दगडाच्या बाजूला नेहमी जाणाऱ्याने ते सोसावे. एल-टी (लाइट ट्रक) छाप असलेला टायर घेतलात तर लक्षात ठेवा की तेवढेच वजन पेलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. जुन्या आकड्यावर चालवून उपयोग नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआयची खूण असतेच, तीही एकदा बघून घ्या.

मग तारीख. डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षापेक्षा जुना असेल तर दुसरा मागा. दुकानदार रागावला तरी चालेल. ही ओळ कधी टायरच्या आतल्या बाजूला येते, म्हणून बसवण्याआधीच पाचही टायर बघा. हो, पाच. जमत असेल तर स्टेपनीसह पाच घ्या आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही आलटून पालटून फिरवा. एवढे पैसे एकदम निघत नसतील तर दोन नवे घेऊन मागे लावा, पण फोर बाय फोर गाडीत चारही सारखेच हवेत, नाहीतर व्यासातल्या फरकाचा ताण डिफरन्शियलवर, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरांवर येतो. सातपूरला सिएटचा कारखाना आहे, थार इथेच बनते, त्यामुळे टायरवर बोलणारी माणसे नाशिकमध्ये घरोघरी भेटतात. सगळ्यांचे ऐका, पण वहीवरून घ्या. रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्यावर नवे रबर चढवलेला टायर घाटात जाणाऱ्या गाडीला मी लावणार नाही.

बसवताना व्हॉल्व नवे टाकायला सांगा, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, आणि टायरचे नंबर लिहिलेले पक्के बिल घ्या. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यायचे असतात. हे विसरायला होते म्हणून वहीत लिहून ठेवा.

हवेबद्दल आता. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर लिहिलेला असतो. साईडवॉलवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तपासायची ती सकाळी, गाडी थंड असताना. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की साधारण एक पीएसआय हवा कमी होते. जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या येतात तेव्हा ऑक्टोबरमध्ये भरलेली हवा पुरी राहिलेली नसते. समृद्धीवर चढायच्या आधी तर तपासल्याशिवाय निघूच नका. कमी हवेचा टायर वेगात वाकून वाकून आतून तापतो आणि फुटतो. उलट कच्च्यावर उतरताना ३३ वरून २२-२४ पर्यंत हवा सोडली की टायर दगडावर पसरतो, धक्का पचवतो आणि पकड वाढते. १८ च्या खाली मी जात नाही, रिमवरून टायर निसटण्याची भीती असते. आणि हवा सोडायची तर ती पुन्हा भरायचे साधन गाडीत हवे.

तेव्हा डिकीत काय, ते शेवटी. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, वेगळा प्रेशर गेज, ट्यूबलेस पंक्चरच्या दोऱ्यांचा किट, चाकाच्या नटाला नीट बसणारा लांब दांड्याचा पाना आणि जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी. चिखलात फळीशिवाय जॅक नुसता खाली जातो. एक फावडे, हातमोजे, डोक्याला लावायचा दिवा, आणि टो करायची पट्टी हुकांसह. घरच्या अंगणात एकदा स्टेपनी स्वतः काढून, लावून बघा. माझ्या बायकोने गेल्या रविवारी तासाभरात केले आणि दुसऱ्यांदा पंचवीस मिनिटांत. पावसात हरसूलच्या रस्त्यावर तेच करायचे आहे, म्हणून या रविवारी आम्ही ते ओल्या मातीत, अंधार पडल्यावर करणार आहोत. स्टेपनीतली हवा मात्र शनिवारीच तपासायची आहे.