कोयत्यासोबत आलेलं लेकरू शाळेत बसवताना

दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, नंदुरबारकडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात. कारखान्याजवळच्या शाळेत तुम्ही नव्याने रुजू झाला असाल, तर अड्ड्यावर (टोळ्यांच्या मुक्कामाच्या जागी) कोप्या (पाचटाच्या झोपड्या) उभ्या राहिल्या की पहिल्याच आठवड्यात तिथे जा. दिवसा आईबाप फडात (तोडणीच्या उसात) असतात, म्हणून संध्याकाळी चुली पेटल्यावर गाठा. आधी टोळी घेऊन येणाऱ्या मुकादमाशी बोला. टोळीत किती कोयते (नवरा-बायको मिळून एक) आणि सोबत किती लेकरं, हे त्याला माहीत असतं.

शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाच्या शिक्षणाची नोंद असलेलं कार्ड) मागा, पण नसेल तर पोराला परत पाठवू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो की दाखल्याला उशीर झाला (कलम ५) किंवा वयाचा पुरावा नाही (कलम १४) म्हणून प्रवेश अडवता येत नाही. दाखला मागवण्याची घाईही नको. मूल मार्च-एप्रिलमध्ये गावी जाणार. दाखला इकडे आला की गावच्या पटावरून नाव निघतं आणि परतल्यावर सगळी धावपळ पुन्हा. गावच्या मुख्याध्यापकांना फोन करून इयत्ता आणि विद्यार्थी क्रमांक टिपून घ्या.

वाचता येत नाही म्हणून खालच्या वर्गात बसवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दहा वर्षांची मुलगी पहिलीच्या पोरांत बसवली की दुसऱ्या दिवशी येत नाही. वयानुसार वर्ग द्या (कलम ४), वाचनाची तयारी रोज वेगळा तास काढून करून घ्या. नंदुरबारकडची मुलं घरी भिली किंवा पावरी बोलतात. ती गप्प बसली तर मंद समजू नका. आधी चित्रं दाखवून बोलतं करा.

हीच मुलगी बहुतेकदा कडेवर धाकटा भाऊ घेऊन दारात उभी राहते. 'बाळाला ठेवून ये' म्हणालात तर तीही येणार नाही, कारण कोपीत त्याला बघायला कुणी नसतं. तीन वर्षांचा झाला असेल तर अंगणवाडीत बसवा. लहान असेल तर वर्गात मागे सतरंजी टाका. बाळ रडेल, तास मोडेल. तरी ती शाळेत आहे हे मोठं.

नाव त्याच दिवशी हजेरीत घ्या. पोषण आहाराचा तांदूळ हजेरीवर निघतो: पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम, पुढे आठवीपर्यंत १५०. नोंद राहिली की खिचडी कमी पडते आणि नवी पोरंच मागे राहतात.

फेब्रुवारी संपण्याआधी प्रत्येकाची हजेरी, शिकवलेले धडे आणि वाचनाची पातळी कार्डावर भरून आईच्या हातात द्या. कारखान्याचा पट्टा पडला (गाळप हंगाम संपला) की टोळी रातोरात गाडी भरते. सकाळी अड्ड्यावर नुसतं पाचट उरलेलं असतं.