विटलेली कॅरॅव्हॅन घासायला घेण्याआधी

दिवाळीनंतरच्या पहिल्या मोकळ्या रविवारी गाडी धुवायची नाही, नुसती बघायची. आमची कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जुन्या मिनीबसवर बांधलेली आहे. बाजू पत्र्याच्या, छत आणि पुढचं कपाळ फायबरचं. लांबून सगळीच सारखी विटलेली दिसते, पण दुखणं जागोजाग वेगळं असतं. म्हणून एक काळं फडकं ओलं करून घ्या आणि प्रत्येक बाजूला वीतभर जागा पुसून पाहा. फायबरवरून फडक्यावर पांढरी भुकटी आली, तर गेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत चकचकीत थर, खडूसारखा झालाय. उन्हानं वरचं रेझिन खाल्लं आणि रंगाची पूड मोकळी पडली, एवढाच त्याचा अर्थ. हे घासून परत येतं. पत्र्याचा रंग फडक्याला लागला, तर तो जुन्या पद्धतीचा एकाच थराचा रंग, तोही बऱ्यापैकी उजळतो. पण वरचा पारदर्शक थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर तिथे मशीन लावूच नका. ते काम डेंटर-पेंटरचं. तो सगळ्या गाडीचा रंग बदलू म्हणाला, तर आरसी बुकावर कोणता रंग लिहिलाय ते आधी पाहा, कारण रंग बदलला की आरटीओत नोंद करावी लागते.

मग बोटाच्या पेरानं ठोकत फिरा, बाजारात कलिंगड वाजवून बघतात तसं. आवाज पोकळ आला तिथे फायबर आतल्या प्लायवूडपासून सुटलंय, म्हणजे बहुतेक कुठून तरी पाणी शिरतंय. खिडक्यांच्या कडा, छतावरचा व्हेंट आणि शिडीचे बोल्ट तपासा. तडकलेलं सीलंट खरवडून काढा, नवं पॉलीयुरेथेनचं भरा आणि ते पुरतं सुकू द्या. धुणं त्यानंतर. मी एकदा उलटं केलं होतं. प्रेशर वॉशर थेट खिडकीच्या सांध्यावर धरला आणि पुढचे पंधरा दिवस गादीखालचं प्लायवूड वाळवत बसलो. जिथे रंग मारायचाय तिथून जुनं सिलिकॉन पूर्ण निघायला हवं, नाहीतर त्यावर रंग धरत नाही, खळगे पडतात.

हंगामाचं म्हणाल तर आपल्या नागपुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस्स. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसकडे जातो, पत्र्यावर हात ठेववत नाही आणि कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणायची पेस्ट, लावल्या लावल्या वाळून चिकटतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, गाडी घासायला काढणाऱ्याला शेजारीपाजारी ‘काहून जी, बरं आहे ना?’ असं विचारतील, आणि त्यांचं काही चुकत नाही. थंडीतही सकाळी दव असतं, छत निसरडं होतं, त्यामुळे नऊशिवाय वर चढू नका. जागा सावलीची हवी, पण झाडाखालची नको. पाखरं आणि डिंक दिवसभराचं काम मातीत घालतात. वाडीकडे ट्रकवाल्यांच्या ओळखीनं चार दिवस पत्र्याची शेड मिळाली तर उत्तम.

कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी एक गोष्ट जास्त जपावी. तिथली वीजकेंद्रांची राख गाडीवर बारीक थरानं बसते. ती कोरड्या फडक्यानं पुसली की तुमच्या हातानंच पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. आधी भरपूर पाणी, मग शाम्पू. बोअरचं जड पाणी पहिल्या धुण्याला चालेल, पण शेवटचा हात नळाच्या पाण्याचाच मारावा, नाहीतर वाळल्यावर पांढरे ठिपके उरतात आणि तुम्ही ते घासत बसता.

आता सामान. इतवारी बाजारात एका फेरीत होतं, फक्त यादी खिशात ठेवा. पाण्यात चालणारा पॉलिश पेपर ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचा, वेग कमी-जास्त करता येणारं बफिंग मशीन, कंपाउंडसाठी लोकरीचे पॅड, पॉलिशसाठी फोमचे, मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मायक्रोफायबरची डझनभर फडकी, मास्क आणि चष्मा. पॅड मोजून घेऊ नका, जास्तच घ्या, ते लवकर भरतात. टेप तर दुप्पट. काळ्या रबराच्या बीडिंगवर कंपाउंड गेलं की पांढरे डाग महिनोन्महिने तुमच्याकडे बघत राहतात. ओलं काम आणि वीज एकत्र आहे, तेव्हा बोर्डाला अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याची खात्री करा. छतासाठी नुसती शिडी पुरत नाही, दोन घोड्या आणि मधे फळी हवी. खाली धरायला एक माणूस हवाच. त्याच्या चहा-पोह्यांचीही सोय करून ठेवा, तर्री असली तर तो दुसऱ्या दिवशीही येतो.

डिझेलचं फडकं मारून गाडी चमकवून देतो म्हणणारे भेटतील. दोन दिवस दिसते, मग त्याच तेलावर धूळ बसते.

शेवटची तयारी म्हणजे नमुन्याचा चौकोन. गेलकोट साधारण अर्ध्या मिलिमीटरचाच असतो आणि प्रत्येक घासणीला त्यातला थोडा जातो. माझ्या छताच्या कडेला बोटभर काळपट डाग आहे, तिथे मशीन तिरकं धरून मी फायबरपर्यंत पोचलो होतो. कडा आणि उंचवटे हातानं घ्यायचे, मशीननं नाही, हे तेव्हा कळलं. तर मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात, सहज दिसणार नाही अशा जागी, दोन फूट बाय दोन फूट जागेला टेप लावा. आधी फक्त कंपाउंड करून पाहा. तेवढ्यानं चमक आली, तर पॉलिश पेपर उघडूच नका. नाही आली, तर १५०० पासून वरचे, म्हणजे जास्त बारीक, नंबर. त्यानंही खरखर गेली नाही, तरच १०००. आठशेचा फक्त खोल खरचटलेल्या जागेपुरता. मग पॉलिश करा आणि अल्कोहोलनं पुसून बघा, कारण कंपाउंडमधलं तेल ओरखडे लपवतं. शेवटी अर्ध्या चौकोनावर मेण लावा, अर्धा तसाच ठेवा आणि गाडी आठ दिवस उन्हात उभी करा.

आठ दिवसांनी ओलं काळं फडकं पुन्हा दोन्ही अर्ध्यांवरून फिरवा. ते स्वच्छ निघालं की घोड्या लावा आणि छतापासून सुरुवात करा, म्हणजे वरचं मळकं पाणी घासलेल्या बाजूंवरून ओघळणार नाही.