मुख्य विषयाबाहेरचे श्रेयांक : पदवीचा तक्ता कसा वाचावा आणि विषय कसे निवडावेत

बारावीचा निकाल लागला की सांगली, मिरज, तासगाव, विटा येथील महाविद्यालयांच्या प्रवेश कक्षांसमोर पालकांची आणि विद्यार्थ्यांची जी चर्चा चालते, ती बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरते : मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणता घ्यायचा? हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु तीन वर्षांच्या पदवीसाठी लागणाऱ्या १२० ते १३२ श्रेयांकांपैकी (क्रेडिट्सपैकी) मोठा हिस्सा मुख्य विषयाबाहेरून मिळवायचा असतो, याची जाणीव अनेकांना पहिल्या सत्राचे वेळापत्रक हाती पडल्यावरच होते. तोवर अर्जातील ओई, एसईसी, व्हीईसी, सीसी या घटकांच्या लघुरूपांसमोरचे रकाने शेजारी बसलेल्या मित्राचे पाहून भरून झालेले असतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी जो शासन निर्णय काढला, त्यात पदवीची श्रेयांकनिहाय चौकट ठरवून दिली आहे. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांसाठी शिवाजी विद्यापीठ आणि स्वायत्त महाविद्यालयांसाठी त्यांची स्वतःची अभ्यास मंडळे त्या चौकटीत आपापला आराखडा बसवतात. त्यामुळे एकाच शहरातील दोन महाविद्यालयांत एखादा घटक वेगवेगळ्या सत्रांत असू शकतो. पहिले काम म्हणून आपल्या महाविद्यालयाचा, आपल्या शाखेचा आणि आपल्याच प्रवेशवर्षाचा श्रेयांक तक्ता मिळवावा; मागच्या वर्षीच्या ताईदादांचा तक्ता माहितीसाठी ठीक आहे, पण त्यावर विसंबून अर्ज भरू नये. हा तक्ता संकेतस्थळावर किंवा विभागाच्या सूचना फलकावर असतो. नसल्यास विभागप्रमुखांकडे मागावा. त्यात संकोच करण्याचे कारण नाही.

तक्ता वाचताना श्रेयांक म्हणजे किती काम, हे आधी समजून घ्यावे. तासिकांच्या विषयात १ श्रेयांक म्हणजे सत्रभरात १५ तास आणि प्रात्यक्षिकात ३० तास असा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे २ श्रेयांकांचा तासिकांचा विषय आठवड्याला सुमारे दोन तास मागतो, तर तेवढ्याच श्रेयांकांचे प्रात्यक्षिक चार तास मागते. सत्राला २० ते २२ श्रेयांक असतात. पलूस किंवा कवठे महांकाळहून एसटीच्या पासवर रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याने हा हिशेब विशेष लक्षपूर्वक करावा, कारण दुपारनंतरच्या बॅचचे प्रात्यक्षिक निवडले आणि परतीची सोयीची गाडी त्याच वेळेची असली, तर पुढे उपस्थितीचा प्रश्न उभा राहतो आणि तो विषय कितीही आवडीचा असला तरी जड होतो.

आता घटकांकडे वळू. सर्वांत जास्त गोंधळ ओपन इलेक्टिव्हचा, म्हणजे ओईचा होतो. त्याचे १० ते १२ श्रेयांक असतात आणि ते पहिल्या दोन वर्षांतच संपवायचे असतात. त्याची एक अट कटाक्षाने पाळावी लागते : हा विषय आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच असला पाहिजे. येथे 'विषयाबाहेरचा' आणि 'विद्याशाखेबाहेरचा' यांतला फरक नीट पाहावा. अर्थशास्त्र मुख्य विषय असलेल्या बी.ए.च्या विद्यार्थिनीला इतिहास हा वेगळा विषय वाटतो. प्रत्यक्षात दोन्ही मानव्यविद्या शाखेतले असल्यामुळे इतिहासाचा पेपर तिला ओई म्हणून चालत नाही. तिने विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या बास्केटमधून, म्हणजे विषयांच्या यादीतून, निवड करायची असते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला बँकिंगची तोंडओळख, कररचना किंवा लोकसाहित्य चालेल, वनस्पतिशास्त्र चालणार नाही. बास्केट महाविद्यालयाने तयार केलेली असते, म्हणून तिथे उपलब्ध नसलेल्या विषयाचा हट्ट धरता येत नाही. मात्र पुरेसे विद्यार्थी एकत्र आले तर नवा विषय सुरू करण्याची मागणी लेखी द्यावी; तोंडी मागणीचा पाठपुरावा कोणी करत नाही.

माझ्या मते ओई निवडताना 'सोपा कोणता' हा निकष सर्वांत कमी उपयोगाचा आहे. सोप्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या विषयाला गर्दी होते, बॅच मोठी होते आणि तिथे शिकणे कमी, हजेरी जास्त असा प्रकार होतो. त्याऐवजी पुढे काय करायचे आहे, त्याला आपल्या शाखेत न मिळणारी कोणती गोष्ट पूरक ठरेल, हे पाहावे. तासगाव परिसरात ज्यांच्या घरी द्राक्षबाग किंवा बेदाण्याचा व्यवसाय आहे, त्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हिशेब आणि विपणनाचा पेपर घरच्या कामातही उपयोगी पडेल. स्पर्धा परीक्षेचा विचार असलेल्या वाणिज्याच्या विद्यार्थिनीला राज्यशास्त्राचा किंवा भूगोलाचा पेपर पुढच्या तयारीचा पाया ठरू शकतो.

मायनर म्हणजे गौण विषय आणि ओई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथेच सांगून ठेवणे बरे. मायनरला १८ ते २० श्रेयांक असतात, तो एकाच विषयात सलग चालतो आणि तो आपल्या विद्याशाखेतला असला तरी चालतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पदव्युत्तर चौकटीनुसार मुख्य विषयाप्रमाणेच गौण विषयातही पदव्युत्तर प्रवेशाचा मार्ग खुला आहे. म्हणून मुख्य विषयाबद्दल मनात थोडीही शंका असणाऱ्याने मायनर निवडताना जास्त वेळ द्यावा. ती त्याची दुसरी वाट असते.

कौशल्याचे दोन घटक असतात. व्हीएससी, म्हणजे व्यावसायिक कौशल्याचा अभ्यासक्रम, मुख्य विषयाशी निगडित असतो आणि तो बहुधा विभागच ठरवतो. एसईसीमध्ये, म्हणजे कौशल्यवर्धनाच्या अभ्यासक्रमात, मात्र निवडीला वाव असतो. क्षमतावर्धनाचे, म्हणजे एईसीचे ८ श्रेयांक इंग्रजी आणि एक आधुनिक भारतीय भाषा यांत समान विभागलेले असतात. मूल्यशिक्षणाच्या व्हीईसीत पर्यावरण, भारतीय संविधान अशा प्रकारचे विषय येतात आणि भारतीय ज्ञानप्रणालीचे, म्हणजे आयकेएसचे २ श्रेयांक असतात. या पेपरांना विद्यार्थी 'साइडचे' म्हणतात. हे विषय शेवटच्या रात्री उरकण्याचे नाहीत. मुख्य विषयात प्रथम श्रेणी असूनही २ श्रेयांकांचा एक पेपर राहिला, तर पदवीचे प्रमाणपत्र मिळत नाही आणि पुढच्या प्रवेशाच्या वेळी तोच पेपर आडवा येतो.

सहअभ्यासक्रम, म्हणजे सीसी, हा घटक बहुतेकांना अर्ज भरताना सर्वांत क्षुल्लक वाटतो. त्यात एनसीसी, राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा, योग, ललित आणि प्रयोगजीवी कला येतात. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. जी मुले ते काम मनापासून करणारच आहेत, त्यांनी त्याची नोंद सीसी म्हणून वेळेत करून घ्यावी, नाहीतर श्रमदान एनएसएसचे आणि श्रेयांकांसाठी पुन्हा योगवर्ग, अशी दुहेरी धावपळ होते. मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या कारागिरांची परंपरा आहे आणि त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. संगीत हा सीसीचा पर्याय महाविद्यालय देत असेल, तर या गावातल्या विद्यार्थ्याने तो केवळ सोपा म्हणून घेऊ नये आणि अवघड म्हणून टाळूही नये.

क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग या घटकांसाठी तर सांगलीत विषय शोधत फिरण्याची गरजच नाही. हळदीची बाजारपेठ, बेदाण्याचे सौदे, २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरानंतर नदीकाठच्या वस्त्यांनी केलेले बदल, यांतला कोणताही एक धागा घेतला तरी पुरे. विषय मात्र लहान ठेवावा. 'सांगलीतील पूर' हा प्रकल्पाचा विषय होत नाही. एका गल्लीतील पंचवीस घरांनी पुरानंतर धान्य आणि कागदपत्रे ठेवण्याची जागा कशी बदलली, हा होतो. मार्गदर्शक शिक्षकाची लेखी संमती, भेटींच्या तारखांची नोंदवही आणि भेट दिलेल्या संस्थेचे पत्र या तीन गोष्टी सुरुवातीपासून जमवाव्यात, कारण मूल्यमापनाच्या वेळी मागे जाऊन तारखा घालणे हा अप्रामाणिकपणा तर आहेच, शिवाय तो लगेच उघडाही पडतो.

स्वयम् या शासकीय मंचावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांचे श्रेयांकही धरता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक अशा अभ्यासक्रमांतून घेण्याची मुभा आहे. पण अभ्यासक्रमाचे नाव आणि त्याचे श्रेयांक आपल्या कोणत्या घटकात बसतात, याची मान्यता महाविद्यालयाकडून नोंदणीच्या आधी घ्यावी. प्रमाणपत्र हाती आल्यावर मान्यता मागणाऱ्याला नकार मिळण्याची शक्यताच अधिक.

मिळालेले श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतात आणि त्यासाठी डिजिलॉकरमधून अपार हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक काढावा लागतो. येथे एक बारकी पण त्रासदायक अडचण येते. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते, तर आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव आधी असते, आणि काहींच्या बाबतीत वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्येही एखादे अक्षर वेगळे असते. ही तफावत पहिल्याच सत्रात महाविद्यालयाच्या कार्यालयाला दाखवून दुरुस्तीची प्रक्रिया सुरू करावी. ती शेवटच्या वर्षी लक्षात आली, तर निकालाच्या गर्दीत अर्ज अडकतो.

दर सत्राच्या निकालानंतर एका वहीत चार रकाने करावेत : घटक, लागणारे श्रेयांक, मिळालेले श्रेयांक आणि उरलेले. चौथ्या सत्राअखेर ओईच्या रकान्यात शून्य उरले आहे का, हे आवर्जून तपासावे. पाचव्या सत्राच्या सुरुवातीला ही वही आणि सर्व गुणपत्रिका घेऊन परीक्षा विभागात जावे आणि तेथील नोंदींशी आपला हिशेब जुळवून पाहावा. कुठे कमतरता निघाली, तर राहिलेल्या पेपरचा अर्ज त्याच सत्रात भरावा, कारण सहाव्या सत्रात ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण, असते आणि त्या काळात बाहेरगावी असलेल्या विद्यार्थ्याला जुना पेपर देण्यासाठी रजा मिळेलच असे नाही.