कापड घेताना दिवा मालवायला लावा

गोव्यातल्या वागातोरच्या पार्टीसाठी ड्रेस शिवायला येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा कापड घेऊनच येतं, आणि निम्म्या वेळा ते कापड वाया जातं. म्हापशाच्या दुकानात भडक दिसलेला गुलाबी ब्लॅकलाइटखाली, म्हणजे पार्टीतल्या अतिनील (यूव्ही) दिव्याखाली, मातकट पडतो. म्हणून आधी खिशात मावेल असा यूव्ही टॉर्च घ्या, ३६५ नॅनोमीटरचा. ३९५वाल्याचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की कापड किती पेटतंय ते कळत नाही. मग दुकानदाराला दिवा मालवायला सांगा. तो हसेल, हसू दे.

माझे बाबा पेडण्यात दशावताराचे कपडे शिवायचे. त्यांची सगळी भिस्त जरी-टिकल्यांवर. जरी समोरचा उजेड परतवते, म्हणून बत्तीपुढे राजा झळाळायचा. ब्लॅकलाइटमध्ये परतवण्याजोगा उजेडच नसतो, त्यामुळे तीच जरी काळी ठिक्कर पडते. फ्लोरोसंट रंग मात्र डोळ्यांना न दिसणारे किरण गिळतो आणि आपला रंग बाहेर टाकतो. पोपटी, पिवळा, नारिंगी, गुलाबी हे भरवशाचे. नव्वदच्या दशकात हणजुणेच्या (अंजुनाच्या) किनाऱ्यावर गोवा ट्रान्स वाजू लागलं, तेव्हापासून पडद्यांवर आणि अंगावर हेच रंग दिसतात.

कापड चारही बाजूंनी ताणणारं लायक्रा हवं. मशीनला बॉलपॉइंट, म्हणजे गोल टोकाची सुई लावा आणि झिगझॅग टाका घाला. सरळ टाका पहिल्याच उडीला तुटतो. काखेत आणि पाठीवर जाळी लावा, आपल्या दमट हवेत लायक्रा सोसत नाही.

आता दोऱ्याचं. पहिल्या वर्षी मी काळ्या लायक्रावर आतून पांढरा दोरा वापरला, म्हटलं आतलं कोण बघतंय. पांढऱ्या दोऱ्यात चकाकी आणणारं रसायन असतं, ते ब्लॅकलाइटखाली निळं पेटतं. पोरगा नाचायला उतरला आणि त्याची प्रत्येक शिवण एक्स-रेसारखी उठून दिसली! मी शरमेने पैसे परत करायला निघालो, तर त्याने तसाच आणखी एक शिवायला सांगितला. आता मी मुद्दाम फासळ्यांच्या रेषेवर पांढरी शिवण घालतो. तुम्हाला नको असेल तर काळाच दोरा घ्या, बॉबिनमध्येसुद्धा.

एलईडी पट्टी लावायची हौस असेल तर आधी हिशोब करा. मीटरला ६० दिव्यांची रंग बदलणारी ५ व्होल्टची पट्टी पूर्ण पांढरी पेटवली, तर दर मीटरला साडेतीन अँपिअरच्या आसपास ओढते. साध्या पॉवर बँकेला ते झेपत नाही. उजेड पाव भागावर ठेवा. पट्टी सिलिकॉनच्या नळीतली घ्या, कारण घाम उघड्या जोडांत शिरतो. वायर कंबरेवरून फिरवा, गुडघ्यावरून नको.

चेहऱ्याला फक्त त्वचेसाठी बनवलेला रंग लावा. पोस्टरचा फ्लोरोसंट रंग डोळ्यांजवळ नेऊ नका.

रात्री दहानंतर उघड्यावर मोठा आवाज चालत नाही, म्हणून बरेच कार्यक्रम दुपारीच सुरू होतात. ड्रेस उन्हातही शोभला पाहिजे, पण फ्लोरोसंट रंग उन्हानेच लवकर विटतो. पहिले दोन तास वरून एखादा सुती शर्ट घाला.

काळा ड्रेस साबणाच्या पावडरीत धुऊ नका, तिच्यातलीही चकाकी कापडात उतरते आणि काळा ब्लॅकलाइटखाली निळसर दिसतो. रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि उलटा करून सावलीत वाळत घाला.