सोलापूरहून स्टँडबायवर निघण्यापूर्वीची तयारी

विमान कंपनीत नोकरी करणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना मिळणारे सवलतीचे तिकीट बहुतेक वेळा ‘जागा उरली तर’ या अटीवर, म्हणजेच स्टँडबायवर दिलेले असते. पैसे भरलेले सर्व प्रवासी बसल्यावर जी आसने रिकामी राहतील त्यांवर ही मंडळी जातात आणि आसने उरली नाहीत तर काउंटरवरूनच परत फिरतात. पुण्यात राहणाऱ्याला हे परत फिरणे रिक्षाच्या भाड्यात आणि थोड्या चिडचिडीत भागते, पण सोलापूरच्या माणसाला तेथून घर गाठायला अडीचशे किलोमीटर कापावे लागतात. त्यामुळे जागा मिळणार नाही असे धरूनच आपल्याला तयारी करावी लागते. मी काही वर्षे चेक-इन काउंटरच्या आतल्या बाजूला काढली आहेत आणि सुट्टीच्या दिवसांत त्याच काउंटरच्या बाहेर नाव पुकारण्याची वाट पाहत पुष्कळदा उभाही राहिलो आहे. पुढील यादी ज्यांची मुले-मुली विमान कंपन्यांत लागली आहेत अशा सोलापुरातील आईवडिलांसाठी आणि त्यांना पहिल्यांदा पासवर, म्हणजे या सवलतीच्या तिकिटावर, पाठवणाऱ्या त्या मुलांसाठी आहे.

सर्वप्रथम, हा प्रवास स्टँडबायवर करण्याजोगा आहे का, हे घरात बसून ठरवावे. लग्नाचा मुहूर्त, परीक्षा, व्हिसाची मुलाखत, शस्त्रक्रियेची तारीख यांपैकी काहीही पलीकडे वाट पाहत असेल तर सरळ पूर्ण भाड्याचे तिकीट काढावे. पुतणीची हळद उद्या सकाळी आहे हे काउंटरवर कितीही कळवळून सांगितले तरी विमानात आसन वाढत नाही. पुढेमागे दोन दिवस मोकळे असतील तरच पास वापरावा. दिवाळी, गणपती, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळाव्यात, कारण या काळात विमाने भरलेली असतात आणि काही कंपन्या ठरावीक तारखांना स्टाफ तिकिटे बंदच ठेवतात. सोलापूरकरांनी आषाढी आणि कार्तिकीचाही विचार करावा. विमानात जागा असेलही, पण कुर्डुवाडीपर्यंत खच्चून भरलेल्या गाडीतून परतीचा प्रवास कसा होईल, याचा अंदाज आधी घेतलेला बरा. मंगळवार-बुधवारची पहाटेची पहिली फेरी सहसा सर्वांत बरी असते, कारण ती हुकली तरी दिवसभराच्या पुढच्या फेऱ्या हाताशी राहतात. रात्रीच्या शेवटच्या फेरीत नाव लावणे म्हणजे मुक्कामाचीही तयारी ठेवणे होय.

दुसरी गोष्ट, कोठून निघायचे. होटगी रस्त्यावरील आपल्या विमानतळावरून जून २०२५ मध्ये फ्लाय ९१ ची गोव्याची आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टार एअरची मुंबईची सेवा सुरू झाली. घरापासून अर्ध्या तासात विमानतळ ही सोय मोठी आहे, पण स्टँडबायसाठी तिचा उपयोग मर्यादित आहे. एक तर आपल्या मुलाच्या कंपनीचा त्या कंपनीशी सवलतीच्या तिकिटांचा करार असावा लागतो. शिवाय विमाने सत्तर-पंचाहत्तर आसनांची आणि फेऱ्या मोजक्या असल्याने एकदा राहिलात की दुसरी संधी त्याच दिवशी येईलच असे नाही. त्यात आपल्या उन्हाची भर पडते. हवा तापली की विरळ होते, पंखांना मिळणारा उचल आणि इंजिनांची ताकद कमी होते आणि त्याच धावपट्टीवरून विमानाला कमी वजन घेऊन उडावे लागते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा दुपारच्या विमानात चार आसने डोळ्यांना रिकामी दिसत असूनही ‘वजन बसत नाही’ असे उत्तर मिळू शकते. हे उत्तर टाळाटाळीचे नसते. हिशेबातून सर्वांत आधी वगळले जातात ते स्टँडबायवाले, आणि त्यात काउंटरवरच्या मुलीचा काही दोष नसतो.

म्हणून बहुतेकांना पुणे, मुंबई किंवा हैदराबाद यांपैकी एक निवडावे लागते. पुणे जवळ आहे. हैदराबाद साधारण तीनशे किलोमीटरवर असले तरी फेऱ्या पुष्कळ असल्याने ज्यांचे जवळचे नातेवाईक तेथे आहेत, आणि सोलापुरात असे लोक कमी नाहीत, त्यांनी त्याचाही विचार करावा. मुंबईत डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, तेव्हा आपले विमान दोहोंपैकी कोठून सुटते हे तिकिटावर नीट वाचावे. सकाळी ६ नंतर सोलापूरहून सुटणारी वंदे भारत दुपारी साडेबाराच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचवते, पण तेथून नवी मुंबईचा विमानतळ गाठणे हा आणखी एक प्रवास आहे. पुण्याला एसटीने किंवा मोटारीने जात असाल तर लोहगावच्या विमानतळासाठी हडपसरलाच उतरावे, स्वारगेटपर्यंत जाऊन उलटे येऊ नये.

यानंतरची तयारी तिकीट काढून देणाऱ्या कर्मचाऱ्याने करायची आहे. पासवर नुसते तिकीट निघून चालत नाही, त्या दिवशीच्या त्या फेरीसाठी नाव नोंदवावे लागते. यालाच लिस्टिंग म्हणतात. दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जायचे असेल तर बहुधा झेड भाडे लागते, जे अंतराच्या टप्प्यांप्रमाणे ठरते. तिकिटावर आर-टू असे असेल तर ते जागा उरल्यासचे आणि आर-वन असेल तर आरक्षित, एवढा फरक आईवडिलांना समजावून सांगावा, कारण ‘तिकीट तर आहे’ या समजुतीने काउंटरवर जे वाद होतात ते सर्वांत क्लेशकारक असतात. क्रम लावताना कंपनीचे स्वतःचे कर्मचारी सहसा आधी, इतर कंपन्यांचे नंतर, आणि एकाच गटात नोकरीची ज्येष्ठता किंवा हजेरीची वेळ पाहिली जाते. आपल्या कंपनीचा नियम कोणता ते आधी वाचून ठेवावे. निघण्याच्या आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी लोड पाहावा, म्हणजे किती आसने मोकळी आहेत आणि आपल्या पुढे किती नावे लागली आहेत हे तपासावे. आठ मोकळी आसने आणि पुढे अकरा नावे असा लोड असेल तर सोलापूर सोडूच नये, आणि जायचे रद्द केले तर लिस्टिंगही रद्द करावी, म्हणजे मागच्याला खरे चित्र दिसते.

कागदपत्रांपैकी सर्वाधिक घोटाळा नावाचा होतो. आपल्याकडे आडनाव आधी लिहिण्याची सवय आहे, शहराच्या पूर्व भागातील अनेक तेलुगू घरांत घराण्याचे नाव नुसत्या आद्याक्षरावर भागवले जाते, आणि आधारवर एक तर पासपोर्टवर दुसरेच अशी स्थिती असते. लिस्टिंगमधील नाव जे ओळखपत्र बरोबर नेणार त्याच्याशी अक्षरशः जुळले पाहिजे. तिकिटाची छापील प्रत जवळ ठेवावी, कारण इमारतीत शिरताना सीआयएसएफचा जवान तिकीट व ओळखपत्र पाहतो आणि मुलाचा फोन लागेपर्यंत मागची रांग खोळंबते. परदेशी जायचे असल्यास पासपोर्टची मुदत, व्हिसा आणि परतीचा पुरावा हे सर्व अखेरच्या क्षणी एका मिनिटात दाखवता येईल असे वरच्या कप्प्यात असावे.

सामान एका हातपिशवीत मावेल एवढेच न्यावे. मोठी बॅग काउंटरवर दिली की तुमच्याबरोबर तिचाही निर्णय लागेपर्यंत ती अडकून राहते, आणि तुम्हाला जागा शेवटच्या क्षणी मिळाली तर बॅग विमानापर्यंत पोहोचवायला वेळ उरत नाही. येथे सोलापूरकरांची खरी परीक्षा होते, कारण शेंगदाण्याची चटणी नेल्याशिवाय कोणाचे पाऊल घराबाहेर पडत नाही. तिखट पूड आणि मिरचीचे लोणचे हातसामानात सुरक्षा तपासणीला अडवले जाते, तेव्हा चटणी कुरियरने पाठवावी. कडक भाकरी मात्र खुशाल न्यावी, कारण ती टिकते, सांडत नाही, आणि स्टँडबायवाल्याला विमानात खायला मिळेलच असे नसते. औषधे दोन दिवसांची जास्त घ्यावीत. कपडे साधे, नीटनेटके असावेत. २०१७ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे पासवर निघालेल्या दोन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून युनायटेड एअरलाइन्सने विमानात घेतले नव्हते, आणि पासवरच्या प्रवाशांना पोशाखाचे नियम लावणाऱ्या कंपन्या आजही आहेत.

आता काउंटर. येथे थोडे थांबून आतल्या बाजूचे काम समजून घेतले पाहिजे, कारण एकदा ते समजले की कसे वागावे हे वेगळे सांगावे लागत नाही. देशांतर्गत विमानाचे काउंटर साधारणपणे उड्डाणाआधी ६० मिनिटांनी बंद होते. त्याआधीच्या अर्ध्या तासात आतल्या माणसासमोर उशिरा धावत आलेले प्रवासी, जास्त वजनाच्या बॅगांवरून चाललेले वाद, चाकाची खुर्ची मागणारे वृद्ध आणि सुपरवायझरचे फोन हे सर्व एकाच वेळी असते. काउंटर बंद झाल्यावरच न आलेल्यांचा आकडा कळतो, वजनाचा हिशेब लागतो आणि स्टँडबायची यादी उघडली जाते. पुढच्या पाच-सात मिनिटांत त्याला नावे पुकारायची, ओळखपत्रे पाहायची आणि बोर्डिंग पास छापून द्यायचे असतात. या मिनिटांत जो समोर उभा आहे, ज्याच्या हातात कागद आहे आणि ज्याची बॅग लहान आहे, त्याचे काम चटकन होते. जो चहा प्यायला गेला आहे त्याचे नाव दोनदा पुकारून पुढे जातात. मी स्वतः असे एक नाव ओलांडले आहे, आणि ते काका पाण्याची बाटली घेऊन परतले तेव्हा त्यांचे आसन दुसऱ्याला गेले होते.

तेव्हा दोन तास आधी पोहोचावे, रांगेतून काउंटरवर जावे आणि हळू आवाजात एवढेच सांगावे: ‘नमस्कार, आम्ही स्टाफ तिकिटावर आहोत, स्टँडबाय आहे, हा पीएनआर.’ कोठे थांबायचे ते विचारून त्याच जागी, नजरेच्या टप्प्यात थांबावे. दर पाच मिनिटांनी ‘काही झाले का’ असे विचारू नये. आपला मुलगा कोणत्या हुद्द्यावर आहे हे सांगू नये, मागे पूर्ण भाडे भरलेले प्रवासी उभे असतात आणि त्यांनी हे ऐकण्याचे काही कारण नाही. सोलापूरकरांचा आवाज मुळातच चढा असतो, आणि आपले ‘काय बे’ कितीही मायेने म्हटलेले असले तरी लोहगावच्या काउंटरवर ते मायेने ऐकले जात नाही. काउंटरवर झालेल्या वादाची तक्रार पास देणाऱ्या कर्मचाऱ्याकडे पोहोचते, त्याचे पास बंद होतात आणि कधी नोकरीवरही गोष्ट येते. चॉकलेटचा सीलबंद पुडा द्यायचा असेल तर तो विमानात बसल्यावर केबिन क्रूला द्यावा. निर्णयाआधी काउंटरवर ठेवलेला पुडा भेट वाटत नाही.

कुटुंबाने निघत असल्यास एक प्रश्न घरीच सोडवून यावे: चौघांसाठी दोनच जागा निघाल्या तर कोण जाणार? हा प्रश्न काउंटरवर विचारला जातो आणि उत्तराला दहा सेकंद मिळतात. लहान मूल कोणाबरोबर राहील, घराची किल्ली आणि पैसे कोणाकडे असतील, मागे राहिलेल्यांनी पुढच्या फेरीसाठी थांबायचे की परत जायचे, हे सर्व आधी बोलून ठेवावे. आसने विमानात एकत्र मिळण्याची अपेक्षा धरू नये.

बोर्डिंग पास हातात पडला की वेळ फार कमी उरतो, कारण दार उड्डाणाआधी २५ मिनिटांनी बंद होते. चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या डिजियात्रेत आधी बोर्डिंग पास भरावा लागतो, तो स्टँडबायवाल्याकडे आधी नसतो, म्हणून साध्या रांगेचीच तयारी ठेवावी. पट्टा, नाणी, मोबाइल आधीच पिशवीत टाकलेले असावेत आणि सुटणाऱ्या चपलेऐवजी बूट घातलेले असावेत.

जागा न मिळाल्यास प्रथम त्याच काउंटरवर विचारावे की नाव पुढच्या फेरीत आपोआप गेले आहे की पुन्हा नोंदवावे लागेल. कंपनीपरत्वे दोन्ही पद्धती आहेत. हॉटेल किंवा भरपाई मागू नये. युरोपीय संघाचा भरपाईचा २००४ चा प्रसिद्ध २६१ क्रमांकाचा नियमसुद्धा सामान्य लोकांना न मिळणाऱ्या सवलतीच्या भाड्यावर प्रवास करणाऱ्यांना वगळतो. म्हणून एका रात्रीच्या मुक्कामाचे पैसे वेगळे ठेवावेत किंवा पुण्यातील नातलगाला आधीच कळवून ठेवावे. परतायचेच असेल तर स्वारगेटहून सोलापूरची एसटी मिळते, आणि मुंबईहून रात्री सुटणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस मध्यरात्रीनंतर पुण्यात येऊन सकाळी सोलापूरला सोडते. मी स्वतः शक्य असेल तेव्हा सिद्धेश्वरचे पुण्याहून आरक्षण करूनच निघतो. जागा मिळाली तर ते रद्द करावे लागते, आणि ते किती उशिरा रद्द केले त्याप्रमाणे त्यातले काही किंवा सर्व पैसे बुडतात. ती रक्कम मी पासच्याच खर्चात धरतो. न वापरलेल्या स्टाफ तिकिटाचा परतावा मात्र बहुधा मिळतो, पण तो आपोआप येत नाही, त्यासाठी कर्मचाऱ्याने स्वतः अर्ज करावा लागतो, आणि घरी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात तो केला नाही तर विसरला जातो.