आरव्हीने मिडवेस्टला निघताय? आधी काउंटीचं नाव लिहून घ्या

कपडे, पांघरुणं, ब्रश, चार्जर यांच्यासाठी कुणाला यादी लागत नाही, ते सोडून देते. ही यादी मी लिहायला घेतली ती एका कागदासाठी. मागच्या वेळी तो कागद आमच्या गाडीत नव्हता.

दोन उन्हाळ्यांपूर्वी सासू-सासरे भारतातून आले होते. आम्ही शिकागोच्या पश्चिमेला, ड्युपेज काउंटीत राहतो. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग. आरव्ही, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेतली. आधी आयोवातलं बॅकबोन स्टेट पार्क, तिथून मिनेसोटात रॉचेस्टरला मावसदिरांकडे, येताना विस्कॉन्सिनमधे मॅडिसनला नणंदेकडे, असा बेत होता. पहिल्याच संध्याकाळी गाडीच्या रेडिओवर 'डेलावेअर काउंटी' असं काहीतरी ऐकू आलं. बाबांनी विचारलं, "डेलावेअर म्हणजे कुठं आलं गं?" मी म्हटलं, "ते पूर्वेकडचं राज्य आहे बाबा, इथून खूप लांब." बॅकबोन पार्क आयोवाच्या डेलावेअर काउंटीत आहे. तो वादळाचा इशारा आमच्यासाठीच होता.

रात्री शेजारच्या तंबूतल्या माणसाने दार बडवून आम्हाला उठवलं. फोनला रेंज नव्हती. हवामानाचा रेडिओ टेबलावर होता, नव्या बॅटऱ्या घातलेला, आणि गप्प. त्यात आमच्या घरच्या काउंटीचा आकडा भरलेला होता, म्हणून तो फक्त तिथल्याच इशाऱ्याला वाजला असता, आणि घरी सगळं शांत होतं. भर पावसात, सपाता घातलेल्या आईंना दोन्ही बाजूंनी धरून आम्ही आंघोळीच्या खोल्यांच्या पक्क्या इमारतीत गेलो आणि तासभर तिथे उभे राहिलो. टॉर्नेडो आला नाही, रस्त्यावर एक मोठी फांदी पडली एवढंच. पण अंधारात मी त्या दोघांना कुठे नेतेय हे मलाच माहीत नव्हतं, आणि ते मी विसरलेले नाही.

म्हणून पहिली वस्तू म्हणजे एक कागद आणि जाड मार्कर. त्यावर आज रात्री जिथे झोपणार त्या काउंटीचं नाव मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि ड्रायव्हरसमोर चिकटवायचं. त्याखाली पश्चिमेकडच्या शेजारच्या काउंट्या, कारण इथली वादळं बहुतेक वेळा पश्चिमेकडूनच येतात. बॅकबोनला असाल तर डेलावेअर, आणि खाली ब्यूकॅनन आणि फेयेट. क्लेटनही लिहा, कारण जवळचंच एक गाव, स्ट्रॉबेरी पॉइंट, क्लेटनमधे येतं. गावाच्या नावावरून काउंटीचा अंदाज करू नका. डे मॉइन शहर पोल्क काउंटीत आहे आणि डे मॉइन काउंटी पार मिसिसिपीच्या काठाला, बर्लिंग्टनकडे. आयोवा सिटी जॉन्सन काउंटीत. आयोवा काउंटी मात्र दोन आहेत, एक आयोवात आणि एक विस्कॉन्सिनमधे. विस्कॉन्सिन डेल्स हे एकच शहर चार काउंट्यांत पसरलंय. एकट्या आयोवात ९९ काउंट्या आहेत, त्या पाठ होणार नाहीत, म्हणून तर कागद.

दुसरी वस्तू हवामानाचा रेडिओ. सरकारी हवामान खात्याच्या सात वाहिन्या १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधे असतात आणि एका मनोऱ्याचा आवाज साधारण ४० मैल पोचतो. म्हणजे तुम्ही पुढे सरकलात की वाहिनीही बदलायची. प्रत्येक काउंटीला सहा आकडी क्रमांक असतो, तो रेडिओत भरला की त्या काउंटीचा इशारा आला तरच रेडिओ वाजतो. आमच्या घरचा ०१७०४३, डेलावेअर काउंटीचा ०१९०५५. मी ०१७०४३ तसाच ठेवून आयोवात झोपले. रोज मुक्कामाला पोचल्यावर, गाडी समतल करायच्याही आधी, हा आकडा बदला. ज्या रात्रींना थांबणार त्या सगळ्या काउंट्यांचे क्रमांक घरूनच कागदावर उतरवून न्या, कारण जंगलात नेट नसतं. इशारा आजकाल नकाशावरच्या ठरावीक तुकड्यापुरता काढतात, पण रेडिओवर पुकारतात तो काउंटीचं नाव घेऊनच.

'वॉच' म्हणजे वादळाला पोषक हवा आहे, सावध राहा. 'वॉर्निंग' म्हणजे वादळ दिसलंय किंवा रडारवर पकडलंय, आता उठा. वॉर्निंग आली की आरव्हीत थांबायचं नाही, ती कितीही भक्कम वाटू दे. १० ऑगस्ट २०२० ला बॅकबोनच्या दक्षिणेला सीडर रॅपिड्समधे टॉर्नेडो नव्हताच, सरळ रेषेत वाहणारं डेरेचो वादळ होतं. वारा ताशी १४० मैलांपर्यंत गेल्याचा अंदाज आहे. त्यापुढे पत्र्याची गाडी काय टिकणार? म्हणून कॅम्पग्राउंडवर नाव नोंदवताना पहिला प्रश्न शेकोटीचं लाकूड कुठे मिळेल हा नको, वादळ आलं तर जायचं कुठे हा विचारा. मग उजेड असतानाच म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या जागेपर्यंत एकदा चालत जा. बूट प्रत्येकाच्या उशाशी. टॉर्च दाराला टांगलेला. औषधं, पासपोर्ट आणि चष्मा एका पिशवीत, पिशवी दाराशी. ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर, उघडं ठेवून झोपू नका. वादळाच्या इशाऱ्याच्या भोंग्यांबद्दलही सांगते. इलिनॉयमधे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी १० वाजता आणि मिनेसोटात पहिल्या बुधवारी दुपारी १ वाजता चाचणीचे भोंगे वाजतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर आई-बाबा उगाच घाबरतात.

आता गाडी. ताब्यात घेताना मोबाइलवर सगळीकडून व्हिडिओ काढा. भाड्यात किती मैल आणि जनरेटरचे किती तास धरलेत ते विचारा. उंची विचारा आणि त्याच कागदावर लिहा. आमची साडेअकरा फूट होती. ड्राइव्ह-थ्रू, जुने पूल, झाडांच्या फांद्या, सगळीकडे ती लागते. उंची एकदा लिहिली की झालं, काउंटी मात्र रोज खोडून नवी लिहायची. चाकांखाली घालायच्या पट्ट्या आणि अडणी गाडीत आहेत ना ते बघा. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा हवा आणि पाण्याचा दाब कमी करणारा रेग्युलेटर हवाच, काही कॅम्पग्राउंडच्या नळांना इतका जोर असतो की आतले सांधे सुटतात. कॅम्पग्राउंडच्या ३० अॅम्पच्या जोडणीवर एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली एकदम लावलीत तर वीज जाणार. चालू गाडीत कुणी उठायचं नाही, चहा करायलाही नाही. सासू-सासऱ्यांना पट्टा असलेलीच सीट द्या. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग मुलांना, खालचा मागचा पलंग त्यांना, संडासाच्या जवळचा.

स्वयंपाकाचं थोडक्यात. पहिल्या रात्री काही करू नका. दशम्या, लसणाची चटणी, दही. पुढे मेतकूट-भात, भाजणी, कुकरची खिचडी. फोडणी देताना वरचा पंखा आणि खिडकी उघडा, धुराचा अलार्म वाजला म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवू नका. फ्रिज गार व्हायला कित्येक तास लागतात, तेव्हा सामान घरूनच थंड करून न्या.

लाकूड घरून नेऊ नका. डेट्रॉइटजवळ २००२ मधे सापडलेली पाचूच्या रंगाची, अॅश नावाचं झाड पोखरणारी कीड अशाच ने-आणीतून या भागातली झाडं मारत सुटली आहे. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कांत प्रमाणित लाकूड नसेल तर दहा मैलांच्या आतलंच चालतं. तिथेच विकत घ्या. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटात गोचिडी असतात, त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. गवतातून आल्यावर रोज रात्री मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे बघा. डास असतातच.

मधेच पुन्हा विचारते, आजच्या काउंटीचं नाव लिहिलंत का? मॅडिसनजवळच्या डेव्हिल्स लेकला गेलात तर ती सॉक काउंटी. गावाचं नाव बाराबू आहे, पण रेडिओवर सॉक ऐकू येईल.

नातेवाइकांकडे जाताना फक्त "येतोय" कळवून भागत नाही. त्यांच्याकडून ड्राइव्हवेचा फोटो मागवा. उतार किती, वर फांदी आहे का, रस्त्यावर रात्री गाडी उभी करायला परवानगी आहे का, वसाहतीचे नियम काय सांगतात. गॅरेजमधल्या साध्या १५ अॅम्पच्या प्लगवर फ्रिज आणि दिवे चालतील, एसी नाही, आणि त्यासाठी जोडणारा अॅडॉप्टर तुम्हीच न्यायचा. त्यांच्या अंगणात सांडपाणी सोडायचं नाही, भांडी घासलेलं पाणीसुद्धा नाही. वहिनी "घरातच झोपा" म्हणाल्या तर आढेवेढे घेऊ नका. आई-बाबांना दोन रात्री जमिनीवरच्या घरात झोप मिळते आणि बहुतेक घरांना खाली बेसमेंट असतं. रॉचेस्टर म्हणजे ओल्मस्टेड काउंटी, मॅडिसन म्हणजे डेन. शंका असेल तर यजमानांना विचारा, त्यांना माहीत असतं. आणि त्यांच्याकडून निघताना पुढच्या मुक्कामाचं कॅम्पग्राउंड, जागेचा क्रमांक आणि काउंटी त्यांच्या फोनवर पाठवून ठेवा. रात्री काळजी वाटली तर कुठे चौकशी करायची हे त्यांना कळायला हवं.

परतीचं पटापट सांगते. डम्प स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, हातमोजे. आधी काळी, म्हणजे संडासाची टाकी सोडा, मग साबणाच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. तोपर्यंत काळ्या टाकीची झडप बंदच हवी, मुक्कामावर उघडी ठेवली की घट्ट मैला आत साचून राहतो. गॅस बंद, पायरी आत, अँटेना खाली. पेट्रोल भरा, पावती ठेवा, केर काढा, कपाटं पुन्हा एकदा उघडून बघा. आईंचं जपाचं पुस्तक आमचं तिथेच राहिलं होतं, दुसऱ्या दिवशी परत जाऊन आणलं.

आणि घरी पोचलात की रेडिओतला आकडा परत आपल्या काउंटीचा करा. आमचा ०१७०४३.