तापीतल्या माशाचा डीएनए नमुना सागरी संस्थेकडे पाठवताना

तापी सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते, त्यामुळे खान्देशातले मासे सागरी संशोधनाच्या कक्षेबाहेरचे नाहीत. अहिर (सापासारखा लांबट मासा) तर वाढतो नदीत आणि अंडी घालायला समुद्रात जातो, आणि मध्ये उकाईचं धरण उभं आहे. जात पक्की करायला सागरी संस्थेची प्रयोगशाळा सीओआय जनुकाचा (माशांच्या जाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा भाग) सुमारे ६५० बेसजोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या ६५० अक्षरांचा, तुकडा वाचते. यंत्र त्यांच्याकडे असतं, पण नमुना आपल्या कॉलेजाकडून जातो, आणि बिघडतो तो बहुधा नदीकाठीच.

हतनूर किंवा प्रकाशाला जाळं निघतं तेव्हाच तिथे हजर राहा. बाजारातला मासा ताजा असला तरी कुठल्या पाण्यातला, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश तिथेच टिपून घ्या. माशाचं डोकं डावीकडे ठेवून, शेजारी पट्टी आणि क्रमांक ठेवून फोटो काढा. रंग तासाभरातही उतरतो.

मांसाचा तुकडा उजव्या बाजूने घ्या, म्हणजे ओळखीसाठी डावी बाजू अखंड राहते. खवले बाजूला करून आतला, साधारण ५ मिलिमीटरचा तुकडा पुरे. मोठा तुकडा घेतला तर तो टिकवणारं इथेनॉल (अल्कोहोल) गाभ्यापर्यंत पोचत नाही आणि तो आतून सडतो. २ मिलीच्या फिरकी झाकणाच्या नळीत ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉल भरा, तुकड्याच्या निदान पाचपट. मांसातलं पाणी सुटून ते पातळ होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी बदला. प्रत्येक माशानंतर ब्लेड बदला. नाहीतर मरळच्या नळीत शिंगाळ्याचा डीएनए निघतो. क्रमांक पेन्सिलीने कागदावर लिहून नळीच्या आत टाका, कारण पेनची शाई इथेनॉलमध्ये धुऊन जाते.

फॉर्मलिन (अख्खा मासा टिकवायचं रसायन) मात्र तुकडा काढून झाल्याशिवाय उघडूच नका. त्याने डीएनएचे धागे एकमेकांत घट्ट जखडतात, मग कितीही चांगलं यंत्र असो, वाचन सहसा जमत नाही. उरलेला मासा एक भाग बाजारी फॉर्मलिन आणि नऊ भाग पाणी यात ठेवा, मोठ्या माशाच्या पोटातही टोचा. हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. आठवड्याने पाण्यात धुऊन ७० टक्के इथेनॉलमध्ये हलवा. हा मासा जपला नाही, तर पुढे जातीवर वाद झाला की तपासायला काहीच उरत नाही.

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांकडे जातो. बंद गाडीत नळ्या ठेवल्या की झाकणातून इथेनॉल उडतं. बर्फाच्या थर्माकोल पेटीत न्या आणि कॉलेजात फ्रीजरमध्ये ठेवा. इथेनॉल ज्वालाग्राही असल्याने कुरिअरवाले अडवतात. प्रयोगशाळेला आधी विचारा. त्यांनी होकार दिला तर निघताना द्रव निथळून फक्त ओलावा ठेवा आणि पोचल्याबरोबर ते पुन्हा भरतील, हे ठरवून घ्या.

पहिला नमुना पाठवण्याआधी लेखी करार करा: जपलेला मासा कुठे राहणार, डीएनए वाचनाचे मूळ आलेख कॉलेजला मिळणार का, शोधनिबंधावर कुणाची नावं. हे बोलायला संकोच करू नका. जाळ्याशी उभं राहून घेतलेली नोंद हेही संशोधनच आहे. नमुना परदेशी संस्थेकडे जाणार असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते का, हे आधी तपासा. यावल अभयारण्यातल्या ओढ्यांसाठी वनखात्याची परवानगी वेगळी.